पाणी बोलते की सळई?

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणारा एक तरुण आमच्या दारात आला. उन्हातून आलेला म्हणून आईने त्याला आत बोलावून पेलाभर पाणी दिले. त्याने ते न पिता ओट्यावर ठेवले आणि शेजारी दुसऱ्या पेल्यात आपल्या बाटलीतले ‘आरओ’चे पाणी ओतले. मग पिशवीतून एक प्लास्टिकचा ठोकळा काढला. त्याला खाली चार सळया होत्या, दोन-दोनच्या जोडीने. एकेका पेल्यात एकेक जोडी सोडून त्याने वायर भिंतीतल्या सॉकेटला लावली आणि म्हणाला, “काकू, आता बघा.”

आमच्या नळाच्या पाण्यात आधी बारीक बुडबुडे उठले. मग सळईभोवती हिरवट काहीतरी पसरू लागले आणि मिनिटभरात अख्खा पेला गढूळ तपकिरी झाला, वर मळकट फेस. शेजारचा पेला जवळजवळ होता तसाच. “हे तुम्ही रोज पिता, काकू,” तो हळू आवाजात म्हणाला. आईचा चेहरा उतरला. आम्हा भावंडांना तिने याच नळाचे पाणी उकळून, गाळून पाजले होते.

तो गेल्यावर मी त्या तपकिरी पेल्यासमोर बराच वेळ बसून होतो. आईला उगीच घाबरवल्याचा राग होता, पण मनाला खरा चटका लावला तो एका प्रश्नाने. पाण्यात धातूची जोडी बुडवायची आणि वीज सोडायची, एवढ्या साध्या कृतीतून जे उत्तर मिळते, त्यात पाण्याचे बोलणे किती आणि धातूचे किती? हाच प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या दोन मोठ्या माणसांना पडला होता. त्याचे उत्तर शोधता शोधता माणूस जिथे पोहोचला, ती जागा इतकी विलक्षण आहे की तिथवरची वाट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गाल्व्हानी मेलेल्या बेडकांवर प्रयोग करत असे. पितळेच्या आकड्याला अडकवलेले बेडकाचे पाय लोखंडी कठड्याला टेकले, की जिवंत असल्यासारखे झटका देत. ही प्राण्याच्या अंगातली वीज आहे, असे त्याने १७९१ मध्ये जाहीर केले. पाव्हियाचे प्राध्यापक आलेस्सांद्रो व्होल्टा यांना ते पटेना. बेडूक बोलत नाही, त्याला लागलेले दोन वेगळे धातू बोलत आहेत, असे त्यांचे म्हणणे. दाढेत चांदी भरलेल्या माणसाच्या दाताला चॉकलेटचा चंदेरी कागद लागला तर जी झिणझिणी कवटीपर्यंत जाते, तिच्यात बेडूक कुठेच नसतो. दोन धातू आणि मध्ये लाळ, एवढेच असते.

व्होल्टांनी बेडूक काढून टाकला. जस्त आणि चांदीच्या चकत्या जोडीजोडीने रचल्या आणि दर दोन जोड्यांच्या मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा घातला. २० मार्च १८०० रोजी त्यांनी लंडनला जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून ही रास कळवली. ती जगातली पहिली बॅटरी. त्याच वर्षी लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी अशाच राशीच्या दोन तारा पाण्यात सोडल्या, तेव्हा एका तारेपाशी हायड्रोजन सुटला आणि दुसरीपाशी ऑक्सिजन. शतकानुशतके मूलतत्त्व मानलेले पाणी दोन तारांनी उसवून दाखवले. (गाल्व्हानीही चुकला नव्हता. प्राण्याच्या नसांतून खरोखर विजेचे संदेश धावतात. त्याच्या प्रयोगात बेडूकही बोलत होता आणि धातूही, आणि दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले होते.)

या तारांना, पट्ट्यांना, सळयांना इलेक्ट्रोड हे नाव दिले मायकेल फॅरेडेने, १८३४ मध्ये. केंब्रिजचे पंडित विल्यम ह्यूएल यांच्याशी पत्रे लिहून त्याने नवे शब्द घडवले. जोडीतल्या दोघांना त्याने जी नावे दिली, त्यांना आपण धनाग्र आणि ऋणाग्र म्हणतो. पाण्यात त्या दोघांमधून जे काही चालते त्याला त्याने नाव दिले आयन. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘जाणारे’. आपल्या उत्तरायण-दक्षिणायनातला ‘अयन’ हा शब्दही ‘जाणे’ या अर्थाच्याच धातूपासून आलेला आहे, आणि तो संस्कृत धातू व ग्रीक क्रियापद हे दूरच्या एकाच घराण्यातले आहेत. शाळेत ‘आयन’ हा शब्द घोकताना तो आपला नातेवाईक आहे हे मला कोणी सांगितले असते, तर किती बरे झाले असते.

आता दोन पट्ट्यांच्या मध्ये काय चालते ते पाहू. तांब्याच्या तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात. पाण्यात इलेक्ट्रॉनला तसे मोकळे फिरता येत नाही. तिथे वाहतात ते आयन, म्हणजे विद्युतभार घेऊन फिरणारे अणू किंवा अणूंचे गट: मिठातले सोडियम आणि क्लोराइड, खडकातून आलेले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट. तार आणि पाणी जिथे भेटतात तिथे चलन बदलते. पूर्वी मुंबईतला गिरणी कामगार कोकणात मनिऑर्डर करायचा, तेव्हा त्याने खिडकीत दिलेल्या नोटा काही गावाला जात नसत. इथे पैसे जमा होत आणि तिथे दुसऱ्या नोटा हाती पडत. इलेक्ट्रोडची जोडीही असाच व्यवहार करते. एका पट्टीपाशी पाण्यातले कोणीतरी किंवा खुद्द धातू इलेक्ट्रॉन जमा करतो, दुसरीपाशी कोणीतरी ते उचलतो. जमा नसेल तर उचल नाही. एकट्या इलेक्ट्रोडला म्हणूनच काही करता येत नाही.

त्याच्याबद्दल काही सांगताही येत नाही. एकट्या इलेक्ट्रोडचा विद्युतदाब मोजणारे यंत्र निघालेले नाही, कारण मोजायला मीटरची दुसरी तार पाण्यात घालावीच लागते, आणि ती घातली की तीच दुसरा इलेक्ट्रोड होते. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे असे म्हणताना आपण समुद्रसपाटीला शून्य धरतो. रसायनशास्त्रज्ञांनी तसाच एक हायड्रोजनचा इलेक्ट्रोड शून्य धरला आहे. त्याच्या मानाने जस्त उणे ०.७६ व्होल्टवर आहे आणि तांबे अधिक ०.३४ व्होल्टवर. दोघांची जोडी केली की १.१० व्होल्ट मिळतात. प्रत्येक आकडा हा दोघांमधला आहे.

आता ओट्यावरच्या पेल्याकडे परत येऊ.

त्या तरुणाच्या प्रत्येक जोडीत बहुधा एक सळई लोखंडाची होती आणि एक ॲल्युमिनियमची. घराच्या विजेचा २३० व्होल्टचा दाब ठोकळ्यातून एकाच दिशेने पडला की नळाच्या साध्या पाण्यातून सुमारे पाव अँपिअर प्रवाह सहज वाहू शकतो. धनाग्र झालेले लोखंड तेव्हा स्वतःच विरघळू लागते. किती, याचे गणित फॅरेडेने घालून दिलेले आहे: पाव अँपिअर एक मिनिट वाहिला तर सुमारे ४ मिलिग्रॅम लोखंड पाण्यात उतरते. पाव लिटरच्या आतबाहेर मावणाऱ्या पेल्यात हे लिटरमागे १५-२० मिलिग्रॅम झाले. लिटरमागे एखाद मिलिग्रॅम लोह असले तरी पाण्याला गंजाची चव आणि रंग येतो. आधी दिसलेला हिरवटपणा म्हणजे लोखंडाचे ताजे हायड्रॉक्साइड, नंतरचा तपकिरी रंग म्हणजे त्याला हवा लागून झालेला गंज, आणि फेस म्हणजे वायूचे बुडबुडे व ॲल्युमिनियमचा बुळबुळीत साका. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकते, तेव्हा आपण ताकाला दोष देत नाही, भांड्याला देतो. त्या पेल्यात लोखंड कळकत होते.

आणि आरओचे पाणी स्वच्छ का राहिले? त्यातले क्षार काढलेले असतात, म्हणून आयन थोडे, म्हणून प्रवाह दहा-वीस पटींनी कमी, म्हणून लोखंड तितकेच कमी विरघळते. त्या प्रयोगाने एवढेच दाखवले की एका पेल्यात क्षार जास्त आहेत. कॅल्शियमही क्षार आणि मॅग्नेशियमही. त्यांना घाण म्हणता येत नाही. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो: हीच कृती खऱ्या कामासाठीही वापरतात. कारखान्यांच्या सांडपाण्यात लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मुद्दाम विरघळवतात, कारण त्यांच्या साक्याला चिकटून पाण्यातला गाळ आणि रंग खाली बसतो. कृती खरी आहे. तिचा लावलेला अर्थ खोटा होता.

म्हणजे पाण्याचे ऐकायचे असेल तर आधी धातूला गप्प करायला हवे. ते कसे करायचे हे जगाला शिकवणाऱ्या माणसाचे नाव फ्रीडरिश कोलराउश. जन्म १८४०, जर्मनीतला. त्याच्याबद्दल मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही, याचे मला वाईट वाटते.

द्रव पदार्थातून वीज किती सहज वाहते, म्हणजे त्याची वाहकता किती, हे मोजायचे तर दोन पट्ट्या बुडवून प्रवाह सोडणे एवढेच सुचते. पण एकाच दिशेचा प्रवाह सोडला की पट्ट्यांवर बुडबुडे धरतात, धातू विरघळतो, आणि पट्टीला लागून आयनांचा एक पातळ थर साचून उलटा दाब देऊ लागतो. हा थर जेमतेम एका नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा. त्याच्या आरपार एक व्होल्टचा दाब असला, तर त्या चिंचोळ्या जागेत दर मीटरला शंभर कोटी व्होल्ट या तोडीचे विद्युतक्षेत्र होते. हवेत दर मीटरला तीस लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते. आपल्या पेल्यातल्या सळईच्या अंगाला चिकटून, डोळ्यांना न दिसता, विजेच्या वादळाहून कितीतरी तीव्र असे काही चालू असते, आणि आपण मोजायला गेलेल्या पाण्याचा आवाज त्यात बुडून जातो.

कोलराउशने १८६९ च्या सुमारास यावर तोड काढली: सतत दिशा बदलणारा प्रवाह. एका पट्टीपाशी काही साचू लागायच्या आत प्रवाह उलटा फिरतो आणि साचू लागलेले मोकळे होते. आयन मुळातच संथ. पट्ट्यांमध्ये दर सेंटिमीटरला एक व्होल्टचा दाब असेल, तर सोडियमचा आयन तासाभरात दोन सेंटिमीटरही जात नाही. सेकंदाला हजार आवर्तने करणाऱ्या प्रवाहात तो बिचारा दीड-दोन नॅनोमीटर पुढे सरकतो आणि परत येतो, म्हणजे पाण्याचे पाच-सहा रेणू शेजारी शेजारी ठेवले तर होईल तेवढीच त्याची फेरी. कुठे पोहोचत नाही, कुठे साचत नाही. पण त्या जागच्या जागी झुलण्यातूनही आपण किती आहोत आणि किती चपळ आहोत हे तो सांगून जातो.

पट्ट्या त्याने प्लॅटिनमच्या घेतल्या, कारण प्लॅटिनम सहसा विरघळत नाही. त्यांच्यावर काजळीसारखा दिसणारा प्लॅटिनमचाच बारीक थर चढवला. या काळ्या प्लॅटिनमचा पृष्ठभाग इतका खडबडीत असतो की पट्टीचे खरे क्षेत्रफळ शेकडो पटींनी वाढते आणि तेवढ्या जागेत विखुरलेला भार कुठेच दाटत नाही. मग मोजणी. ठाऊक असलेला रोध एका बाजूला आणि पाण्याची नळी दुसऱ्या बाजूला, अशी तराजूसारखी मांडणी. दोन्ही पारडी सारखी झाली हे ओळखण्यासाठी त्याने टेलिफोनचा कर्णा कानाला लावला. बेलच्या टेलिफोनला तेव्हा जेमतेम काही वर्षे झाली होती. तराजू डावा-उजवा असेपर्यंत कर्ण्यात प्रवाहाची गुणगुण ऐकू येई. तंबोरा लावणारा सूर जुळण्याची वाट बघतो, कोलराउश आवाज विझण्याची वाट बघत असे. गुणगुण सर्वांत बारीक झाली की आकडा टिपायचा. अशा हजारो नोंदी त्याने आयुष्यभर केल्या.

या नोंदींनी काय दिले त्याचा एकच नमुना देतो. पोटॅशियम क्लोराइड आणि सोडियम क्लोराइड यांची अगदी विरळ द्रावणातली वाहकता आजच्या एककांत १४९.९ आणि १२६.५ आहे. फरक २३.४. आता पोटॅशियम नायट्रेट आणि सोडियम नायट्रेट घ्या: १४५.० आणि १२१.६. फरक पुन्हा २३.४. सोबतीला क्लोराइड असो की नायट्रेट, पोटॅशियम सोडियमपेक्षा तेवढाच चपळ राहतो. याचा अर्थ विरळ द्रावणात प्रत्येक आयन दुसऱ्याची पर्वा न करता आपल्या चालीने चालतो. मीठ पाण्यात टाकले की मिठाचे मीठपण संपलेले असते. उरतात ते दोन स्वतंत्र वाटसरू.

हे धाडसाने बोलला तो स्वीडनचा स्वांते अऱ्हेनियस. पदार्थ पाण्यात विरघळताच, वीज न लावताच, त्याचे आयन सुटे झालेले असतात, या मताकडे त्याला वाहकतेच्या मोजणीनेच नेले. १८८४ मध्ये त्याने उप्साला विद्यापीठात त्यावर प्रबंध दिला. परीक्षकांनी तो कसाबसा पास केला. १९०३ मध्ये त्याच विचारासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आज दहावीच्या मुलाला जे सहज ठाऊक असते ते एकेकाळी विद्वानांच्या गळी उतरत नव्हते, आणि ते उतरवले दोन काळ्या पट्ट्यांनी.

त्या पट्ट्यांनी आणखी एक कोडे पुढे आणले. आयनांच्या शर्यतीत हायड्रोजनचा आयन सोडियमच्या सातपट वेगवान निघतो. एवढी धाव कशी? याचे बीज योहान ग्रोटहुस या तरुणाने १८०६ मध्येच मांडले होते, रेणूंची नेमकी रचना कोणालाही ठाऊक नसताना. बांधकामावर गडी रांगेत उभे राहून घमेली हातोहात सरकवतात. माणसे जागची हलत नाहीत, घमेले मात्र झपाट्याने वर पोहोचते. पाण्याचे रेणू हायड्रोजनचा भार तसाच पुढे देतात. एका टोकाला जो हायड्रोजन शिरला तोच दुसऱ्या टोकाला बाहेर पडत नाही. पोहोचतो तो भार.

आणि मग कोलराउशने विचारलेला सर्वांत मोठा प्रश्न: पाण्यातले सगळे क्षार काढून टाकले तर काय उरते? हायडवायलर या सहकाऱ्याबरोबर त्याने काचेतूनही क्षार उतरणार नाहीत अशी काळजी घेत, निर्वात नळ्यांमध्ये पुन्हा पुन्हा पाणी उकळून थंड केले. वाहकता घसरत गेली, घसरत गेली आणि एका जागी थांबली. १८९४ मध्ये त्यांनी दिलेला आकडा १८ अंश सेल्सिअसला सेंटिमीटरमागे ०.०४३ मायक्रोसिमेन्स. आजचा २५ अंशांचा आकडा ०.०५५ आहे. आपल्या नळाच्या पाण्याचा आकडा काही शेकड्यांत असतो. एवढे शुद्ध पाणी वीज किती अडवते? त्याच्या एक मिलिमीटर जाडीच्या थराइतका रोध हवा असेल, तर त्या थराएवढ्याच आडव्या छेदाची तांब्याची तार सुमारे एक कोटी किलोमीटर लांब घ्यावी लागेल. ती पृथ्वीला अडीचशेहून अधिक वेढे घालील.

तरीही आकडा शून्य होत नाही. का? कारण पाणी स्वतःच फुटते. कोणत्याही क्षणी पाण्याच्या साधारण साडेपंचावन्न कोटी रेणूंमागे एक रेणू हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल अशा दोन आयनांत दुभंगलेला असतो. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात आणि उत्तर प्रदेश मिळून होणाऱ्या लोकसंख्येपेक्षाही मोठ्या गर्दीत एखादाच. पण धातूला पुरते गप्प केल्यावर त्या एकट्याचेही बोलणे ऐकू आले. मला मानवी हातांनी केलेल्या मोजणीत याहून सुंदर काही माहीत नाही.

सुधारणा तिथेच थांबली नाही. जोडी गप्प बसत नसेल तर दोन जोड्या घ्याव्यात, ही पुढची युक्ती. बाहेरच्या जोडीने प्रवाह सोडायचा, तिच्या अंगाशी काय गोंधळ व्हायचा तो होऊ द्यायचा. आतली जोडी फक्त ऐकते. तिच्यातून प्रवाह जवळजवळ जातच नाही, म्हणून तिच्या पृष्ठभागावर काही घडत नाही आणि ती स्वतःचे काही बोलत नाही. बोलणारे वेगळे आणि ऐकणारे वेगळे.

ही युक्ती महाराष्ट्राच्या माळरानावर रोज कामाला येते. अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये जमिनीत ओळीने चार सळया ठोकून मातीचा रोध मोजण्याची रीत मांडली. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे त्याच सुमारास त्याच वाटेने चालले होते. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण करणारी माणसे शेतात जातात ती हेच घेऊन: एक पेटी, वायरची रिळे, हातोडा आणि चार सळया. सळई कोरड्या मातीत नीट बोलत नाही म्हणून तिच्या बुडाशी थोडे पाणी ओततात. मग बाहेरच्या सळया एकमेकींपासून दूर दूर नेत आकडे घेतात. अंतर वाढेल तसा प्रवाह अधिक खोल उतरतो. दख्खनचा काळा पाषाण वीज अडवतो, पाण्याने भरलेला मुरूम आणि मांजऱ्या खडक तिला वाट देतात. काही मीटर खाली रोध एकाएकी घसरला की तिथे पाणी असण्याची आशा असते. आशा म्हणतो, कारण खारवलेली चिकणमातीही रोध घसरवते, आणि चांगला सर्वेक्षक भोवतालच्या विहिरी पाहिल्याशिवाय बोट ठेवत नाही. पाणाड्याच्या नारळावर लाखभर रुपयांची बोअर मारण्याआधी शेतकऱ्याने या चार सळयांना एकदा तरी विचारावे, असे मला मनापासून वाटते.

शेतात ही जोडी आणखी एका कामी येते. माती परीक्षणाच्या अहवालात सामूच्या शेजारी ‘ईसी’ लिहिलेले असते, ती हीच वाहकता. सांगली-कोल्हापुरात कृष्णाकाठी उसाला पाणी देता देता खालचे पाणी वर आले, वर येताना क्षार घेऊन आले, पाणी उडून गेले आणि क्षार राहिले. अशा क्षारपड जमिनीवर पांढरी बुरशी धरल्यासारखे मीठ दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ईसीचा आकडा ते आधी सांगतो. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता मीटरमागे ४ डेसिसिमेन्सच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. निचरा करायचा तो तेव्हा.

गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ जहाजावरून खोल पाण्यात जे उपकरण सोडतात, तेही खारटपणा चव घेऊन किंवा आटवून मोजत नाही. ते वाहकता, तापमान आणि खोली मोजते आणि त्यावरून खारटपणाचे गणित मांडते.

आणि घरोघरी पोहोचलेला टीडीएस मीटर, पेनाएवढा, खाली दोन टोके असलेला, तोही कोलराउशचाच वंशज. त्याच्या आत दिशा बदलणारा प्रवाहच असतो, म्हणून त्याने पाणी तपकिरी होत नाही. पण तो पाण्यातला एकही कण वजन करून बघत नाही. वाहकता मोजतो, तापमानासाठी दुरुस्ती करतो, कारण दर अंशाला वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते, आणि येणाऱ्या आकड्याला ०.५ ते ०.७ च्या आसपासच्या एका संख्येने गुणून मिलिग्रॅम दाखवतो. घरी मीटर असेल तर करून बघा. लिटरभर पाण्यात चमचाभर साखर घाला, आकडा वाढणार नाही, कारण साखरेचे आयन होत नाहीत. पाव ग्रॅम मीठ घाला, तो अडीचशेच्या आसपास उडी घेईल. पाण्यातले जंतू, कीटकनाशके यांबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले पदार्थ चालतात, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत. मीटरवर १८० दिसले म्हणून घाबरायचे कारण नाही, आणि ४० दिसले म्हणून निर्धास्त व्हायचेही नाही.

आठवड्याने तो तरुण परत आला. आईने त्याला पुन्हा तोच प्रयोग लावायला सांगितला. फक्त वीज लावण्याआधी तिने मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ काढून त्याच्या शुद्ध पाण्याच्या पेल्यात टाकले आणि ढवळले. मिनिटभरात तो पेला आमच्या नळाच्या पाण्यापेक्षा गडद झाला. तो बघतच राहिला. सळया कशाच्या आहेत हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आईने त्याला बसवून चहा दिला आणि मी कागदावर लोखंडाचे गणित मांडून दाखवले. तो कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला.

तुमच्या दारात असा प्रयोग आला तर पेल्याला हात लावू नका, त्या सळयांत भिंतीतली वीज थेट आलेली असते. वीज बंद असताना त्यांच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि मग लावायला सांगा. आणि पाण्याची खरीच शंका असेल तर नमुना स्वच्छ बाटलीत भरून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नेऊन द्या.